बागेंतील काटकसर

काटकसर हा सद्गुण आहे, ह्याविषयीं आमच्या मध्यम वर्गांत सहसा कोणी शंका घेत नाहीं. सढळ हाताच्या मनुष्याला आपण उधळ्या म्हणतों, पैसा दाबून ठेवणाऱ्याला कंजूष म्हणतों, आणि ह्या दोहोंच्या मधून जी वाट जाते तिच्यावरूनच आपण चाललों आहों, अशी प्रत्येकाची स्वतःविषयीं समजूत असते. परंतु काटकसरीचा पैसा कोठून तरी येतो. तो कोणाच्या वांट्यांतून निघाला, हें हिशेबाच्या वहींत लिहिलेलें नसतें. कधीं तो आपल्याच एखाद्या हौशीला आळा घातल्यानें उरतो, कधीं आपला घाम गाळल्यानें उरतो, आणि कधीं दुसऱ्याला मिळावयाचा होता तो त्याला न दिल्यानें उरतो. वहींत तिन्ही रकमा एकाच रकान्यांत पडतात. नीतीच्या दृष्टीनें त्या एकच आहेत काय, हा प्रश्न मोठमोठ्या व्यवहारांच्या संदर्भांत पुष्कळांनीं चर्चिलेला आहे. मला तो एका अगदीं लहान जागेच्या, म्हणजे घराभोंवतालच्या दोन-तीन गुंठ्यांच्या, संदर्भांत विचारावयाचा आहे.

बारामती आणि इंदापूर ह्या दोन्ही गांवांच्या कडेनें गेल्या तीस-चाळीस वर्षांत नव्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. कारखान्यांतील अभियंते, महाविद्यालयांतील अध्यापक, बँकेंतील अधिकारी, डॉक्टर, वकील अशा मंडळींनीं कर्ज काढून हीं घरें बांधलीं. घर पुरें होतें तेव्हां पैसाहि संपत आलेला असतो, आणि नेमकें त्याच वेळीं लक्षांत येतें कीं, घराच्या चारी बाजूंस जमीन उघडी पडली आहे. तिच्यांत विटांचे तुकडे, उरलेली वाळू, गंजलेल्या सळया, आणि त्यांतून डोकें वर काढणारें गाजरगवत. मग बागांचीं कामें घेणारा कंत्राटदार येतो. त्याच्याजवळ रंगीत चित्र असतें. त्यांत मधोमध हिरवळ, तिच्यांतून वळण घेत जाणारी दगडी पायवाट, कोपऱ्यांत कारंजें आणि फाटकापाशीं ताडासारखीं दोन शोभेचीं झाडें. चित्राखालचा आंकडा पाहिल्यावर घरधनी तें घडी घालून ठेवतो आणि म्हणतो, “हें तर आपणच करूं.”

रविवारीं तो बाजारांतून कुदळ, फावडें, खुरपें आणि दोन घमेलीं आणतो. पहिल्या दिवशीं हातांना फोड येतात, महिन्याभरांत तेथें घट्टे पडतात, आणि वर्षभरानें पाहुण्यांना बाग दाखवितांना एक वाक्य तो हटकून बोलतो : “सगळें घरीं केलें, माळ्याला एक पैसा दिला नाहीं.” हें वाक्य मीं अनेक घरीं ऐकलें आहे. त्याच्या पूर्वार्धांतील अभिमान मला समजतो. उत्तरार्धांतील अभिमान कशाचा, हें मात्र पाहिलें पाहिजे.

पूर्वार्धाला त्याचें श्रेय आधीं देऊं, कारण तें लहान नाहीं. जो स्वतः खणतो त्याला आपल्या पायाखालीं काय आहे हें कळतें, आणि आमच्या भागांत तें कळणें फार अगत्याचें आहे. वरची वीतभर काळी माती गेली कीं, कोठें मुरूम लागतो, कोठें पांढरट चिकण लागते, आणि कालव्याच्या खालच्या अंगाला असेल तर पावसानंतर वाळलेल्या जमिनीवर मिठासारखा पापुद्रा दिसतो. ह्या पापुद्र्याला इतिहास आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर ह्या कोरड्या टापूंत बारमाही पाणी आलें. उसाला पाणी देण्याची एकच रीत लोकांना सुचली, ती म्हणजे जितकें मिळेल तितकें द्यावयाचें. खालचें पाणी वर चढलें, त्याच्याबरोबर जमिनींतील क्षार वर आले, आणि पंचवीस वर्षांच्या आंतच पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन ह्यांना, १९१० सालीं, एका सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करावी लागली. अशा जमिनीवर बाहेरची तांबडी माती पसरून हिरवळीच्या पट्ट्या अंथरतां येतात. दोन-तीन वर्षें तें झांकण टिकतें. मग झाडांच्या पानांच्या कडा करपूं लागतात, आणि तोंपर्यंत कंत्राटदाराची जबाबदारी संपलेली असते. ज्यानें स्वतः कुदळ चालविली त्यानें तो पापुद्रा पहिल्याच महिन्यांत पाहिलेला असतो. पाणी कमी द्यावयाचें, चर काढून निचरा करावयाचा, शेणखत घालावयाचें, हें तो हळूहळू शिकतो. हें ज्ञान विकत घेतां येत नाहीं. तें मिळविण्यासाठीं कोणाला मजुरी न देतां स्वतः वांकावें लागलें तर त्यांत आक्षेपार्ह असें कांहीं नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. स्वतःच्या हातांनीं काम करून पैसा वांचविणाऱ्यांचा आदिपुरुष म्हणून इंग्रजी शिकलेल्यांना थोरो आठवतो. त्यानें १८४५ सालीं वॉल्डन तळ्याच्या कांठीं स्वतः झोंपडी बांधली. तिला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले, हें त्यानें १८५४ च्या आपल्या ग्रंथांत अर्ध्या सेंटापर्यंत लिहून ठेविलें आहे. पहिल्या वर्षीं त्यानें अडीच एकरांत घेवडा वगैरे लावला. उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर साडेबाहत्तर सेंट, शिल्लक ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. हा हिशेब अनेकदां सांगितला जातो. त्यांतील एक रक्कम मात्र कोणी सांगत नाहीं. नांगरणी आणि कुळवणीसाठीं गडी व जनावरें भाड्यानें आणावीं लागलीं, त्याचे साडेसात डॉलर झाले, म्हणजे एकूण खर्चाच्या अर्ध्याहून अधिक. आणि ह्या रकमेपुढें ती फार झाली असा शेरा त्या अरण्यवासी तत्त्वज्ञानें न विसरतां मारला आहे. ज्या जमिनीवर तो राहत होता ती त्याचा मित्र इमर्सन ह्याची होती आणि तिचें भाडें त्याच्या हिशेबांत नाहीं, ही गोष्ट मी केवळ जातां जातां नमूद करतों. मजुराला दिलेला पैसा डोळ्यांत खुपतो, आणि मित्राकडून फुकट मिळालेली जमीन डोळ्यांत येत नाहीं, ही माणसाची जुनी संवय आहे.

पण थोरोचा मोठेपणा पुढच्या वर्षीं दिसला. त्यानें मजुरीचा भाव पाडला नाहीं. त्यानें जमीन कमी केली. अडीच एकरांच्या ऐवजीं एक तृतीयांश एकर, म्हणजे आपल्या मापानें तेरा गुंठ्यांच्या आसपास, एवढेंच क्षेत्र घेऊन तें स्वतः फावड्यानें खणलें, आणि पहिल्या वर्षापेक्षां हें बरें झालें असें म्हटलें. ह्या गोष्टीकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या घरापुढील वाफ्यांतील हरळी मी काढीत बसलों होतों. रस्त्यानें जाणारी एक ओळखीची म्हातारी बाई फाटकाशीं थांबली. उसाची, मक्याची खुरपणी करण्यांत तिचा जन्म गेला, आणि अलीकडे शेतांतलें काम झेपत नाहीं म्हणून ती आळींतल्या घरांचीं अंगणें साफ करते. ती हंसून म्हणाली, “सर, तुमीच खुरपं धरलं, मंग आमी काय धरावं?” मी म्हटलें, “मावशी, बसा, पाणी घ्या.” ती पाणी प्यायली आणि गेली. तिनें तक्रार केली नव्हती, थट्टाच केली होती. तिच्या थट्टेला उत्तर आहे काय, हें शोधतांना मला दोन निरनिराळ्या शाळांचीं उत्तरें सांपडलीं, आणि त्यांपैकीं एकानेंहि माझें पुरतें समाधान केलें नाहीं.

पहिलें उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकांतलें. तुम्ही जी मजुरी वांचविली ती कोठें नाहींशी होत नाहीं; ती बँकेंत जाते, तेथून कोणाला तरी कर्जाऊ मिळते, त्यांतून कोठें तरी कारखाना निघतो, आणि कोणाला तरी काम लागतें. हें चूक आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु ‘कोणाला तरी’ ह्या शब्दांत ती म्हातारी बाई नाहीं. साठीच्या पुढच्या, अक्षरशत्रु, गुडघे दुखणाऱ्या बाईला औद्योगिक वसाहतींत काम मिळत नाहीं. तिच्याजवळ विकावयास आहे तें खुरपें चालविण्याचें कसब, आणि तें घेणारे आम्हीच. एकूण बेरीज तीच राहिली म्हणून ज्याचा आंकडा खोडला गेला त्याचें समाधान होत नाहीं.

तर मग तिला काम देणें हें माझें कर्तव्यच आहे काय? असें म्हणण्याचा मोह होतो. १९७२ च्या दुष्काळांत आमच्याकडील हजारों माणसें खडी फोडीत आणि पाझर तलावांवर माती वाहत होतीं. त्या अनुभवांतून वि. स. पागे ह्यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर फैलावली, आणि १९७७ सालीं महाराष्ट्रानें तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याचा समाजावर हक्क आहे, हें तत्त्व तेथें मान्य झालें. परंतु जो हक्क राज्यावर आहे तो प्रत्येक घरावर तसाच लागू करतां येत नाहीं. खुरपणीसाठीं मीं माणूस ठेविलाच पाहिजे असें ठरलें, तर माझे कपडे धुण्यासाठीं, माझ्या चपला पुसण्यासाठीं आणि माझी पिशवी उचलण्यासाठींहि ठेविला पाहिजे असें ठरेल. आणि जुन्या काळच्या सरदाराप्रमाणें मी दहा माणसांचा पोशिंदा म्हणून मिरवीत बसेन. दुसऱ्याला काम मिळावें म्हणून स्वतः पंगु होणें ही कांहीं नीति नव्हे. तेव्हां बाईला कामावर ठेवणें हें कर्तव्य नाहीं. पण त्यावरून तिला न दिलेली मजुरी ही मिरविण्याची वस्तु होते, असेंहि निघत नाहीं.

दुसरें उत्तर गांधीजींच्या शाळेंतलें. रस्किनचे १८६० सालचे चार निबंध गांधीजींनीं १९०४ सालीं जोहान्सबर्गहून डर्बनला जातांना आगगाडींत वाचले, आणि त्यानंतर लवकरच फिनिक्सच्या वसाहतींत स्वतः शरीरश्रम करण्यास आरंभ केला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. भाकरी खाणाऱ्यानें अंगमेहनत केली पाहिजे, हा विचार पुढें त्यांनीं आश्रमाच्या नियमांत घातला. आमच्या समाजांत ह्या विचाराला विशेष धार आहे. कुदळ कोणीं धरावी आणि लेखणी कोणीं धरावी, हें येथें शेंकडों वर्षें जन्मावरून ठरत आलें. माझ्यासारख्याच्या हातांत खुरपें दिसलें म्हणून रस्त्यानें जाणारा माणूस थांबतो, एवढ्यावरूनच ही गांठ किती घट्ट आहे हें कळतें. ती सैल होण्यासाठीं पांढरपेशांनीं माती हातांत घ्यावी, हें मला मनापासून मान्य आहे.

मात्र तोच ग्रंथ दुसरेंहि कांहीं सांगतो, आणि तें आमच्या सोयीचें नसल्यामुळें आम्ही विसरतों. ज्या ख्रिस्ती दृष्टांतावरून रस्किननें ग्रंथाला नांव दिलें तो एका द्राक्षमळ्याच्या मालकाचा आहे. दिवसाच्या अखेरीस कामाला आलेल्या मजुरालाहि तो मालक सकाळपासून राबलेल्याइतकीच मजुरी देतो, कारण भाकरीची गरज दोघांना सारखीच आहे. द्राक्षांचे मळे बारामतीला नवे नाहींत; त्या मालकाचा हिशेब मात्र आमच्या कोणत्याहि बागाईतदाराला वेडगळपणाचा वाटेल. म्हणजे एकाच पुस्तकांतून दोन उपदेश निघाले : स्वतः राब, आणि राबणाऱ्याला पुरेसें दे. आमचा घरधनी पहिला उपदेश पाळतो आणि त्याच्याच जोरावर दुसऱ्यांतून सुटका करून घेतो. श्रमाच्या प्रतिष्ठेसाठीं जो खणतो त्याला खणण्याच्या शेवटीं किती वांचले हें मोजण्याचें कारण नाहीं. जो मोजतो त्यानें व्यायाम केला आणि पैसा वांचविला; दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण त्यांना श्रमधर्म हें नांव देऊं नये.

ह्या सगळ्यांत आणखी एक लबाडी लपलेली आहे. ‘माळ्याला काय एवढें कळतें?’ असा प्रश्न आपण न उच्चारतां विचारीत असतों. आमच्या तालुक्यांत तरी हा प्रश्न विचारूं नये. कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती शास्त्रशुद्ध रीतीनें करून दाखविली ती सासवडहून खालीं आलेल्या माळी कुटुंबांनीं. त्यांतूनच पुढें १९३२ सालीं माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला. निमगांव-केतकीचा पानमळा पाहावा. नागवेलीच्या वेलीला कोणत्या दिवसांत किती सांवली द्यावयाची, वेल कधीं उतरवून पुन्हां मातींत गाडावयाचा, हें ज्याला कळतें त्याला वनस्पतिशास्त्राचा पदवीधर चार गोष्टी विचारूं शकेल, शिकवूं शकणार नाहीं. भीमेपलीकडे अरण येथें सांवता माळी होऊन गेला. मळा सोडून पंढरीला न जातांहि त्याला देव भेटला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करीत दरवर्षीं आमच्या दारावरून जाते, आणि तिच्यांत सांवत्याचे अभंग गाणारे आम्ही दुसऱ्याच दिवशीं छाटणीच्या मजुरीवरून घासाघीस करतों.

मजुरींतून केलेली काटकसर शेवटीं कोठें पोंचते, ह्याचें उदाहरण शोधावयाला लांब जावें लागत नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत ह्याच मुलखांत सरकारी कामांवर लोक जगत होते. त्या दुष्काळाच्या धामधुमींतच नीरा कालव्याचें काम हातीं घेतलें गेलें. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं असें ठरविलें कीं, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढी मजुरी माणसाला पुरेशी आहे. टेंपलसाहेब दुष्ट नव्हते. ते काटकसरी होते. तिजोरीचा पैसा म्हणजे करदात्यांचा पैसा, तो जपून खर्च केला पाहिजे, हें त्यांचें म्हणणें कोणत्याहि सद्गृहस्थाला पटण्यासारखें होतें. मुंबई इलाख्यांत कित्येक ठिकाणीं मजूर कामें सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनें अर्जांवर अर्ज केले; परंतु हिशेबाच्या दृष्टीनें टेंपल ह्यांची वही बिनचूक होती. त्या वहींत फक्त उपाशी माणसाला रकाना नव्हता. आमच्या बागेचा आणि त्या दुष्काळाचा आकार एक नाहीं, हें मी जाणतों. पण बचत कोठून आली हें न विचारण्याची संवय तीच आहे.

तेव्हां काटकसर करावयाची ती कोठें करावी? मला वाटतें, थोरोनें दुसऱ्या वर्षीं केली तेथें. बाग कमी करावी, माळ्याचा भाव कमी करूं नये.

आमच्या अंगणांतील सगळ्यांत महाग वस्तु हिरवळ आहे. बेकननें १६२५ सालीं उद्यानावर जो निबंध लिहिला त्यांतील राजेशाही बागेला तीस एकर जागा लागते आणि तिच्या दर्शनी भागीं बारीक कापलेलें हिरवें गवत असतें. इंग्लंडांत तें शोभतें, कारण तेथें पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असतो आणि गवताला माणसानें पाणी पाजावें लागत नाहीं. बारामती-इंदापुरांत वर्षाकाठीं पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोहि बहुतेक परतीचा, आणि एखाद्या वर्षीं तोहि नाहीं. एका गुंठ्याचे सुमारें १०१ चौरस मीटर. चैत्र-वैशाखांत त्यावर दिवसाला अवघें अर्धा सेंटिमीटर पाणी द्यावयाचें म्हटलें तरी पांचशें लिटर होतें. २०१९ सालीं केंद्र सरकारनें जी घरोघर नळ देण्याची योजना काढली तिनें खेड्यांतल्या माणसामागें दिवसाला ५५ लिटर पाणी धरलें आहे. म्हणजे नऊ माणसांचें पाणी एक गुंठा गवत पितें. आणि ह्याच बारामती तालुक्यांत सुपें-मोरगांवाकडील जिरायत पट्ट्यांत दुष्काळी वर्षीं लोक टँकरची वाट पाहत बसलेले असतात. ही हिरवळ स्वतःच्या हातांनीं लावून कोणी शेंकडों रुपये वांचविले, तर त्यानें काय वांचविलें?

मोरोपंत ज्या बारामतींत राहिले त्या काळच्या दख्खनी घरांना बाग नव्हती, परसूं होतें. चौकांत तुळस, दारांत पारिजातक किंवा तगर, आणि मागें न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ, कर्दळ. पाणी दोनदां वापरल्यावांचून जमिनींत मुरत नसे. ह्यांत कोणाची मजुरी बुडत नव्हती, कारण मुळांत मजुरी लागेल असें कांहीं मांडलेलेंच नव्हतें. आजहि कडुनिंब, शेवगा, सीताफळ, डाळिंब, कण्हेर, कोरफड, अबोली हीं झाडें पहिलीं दोन वर्षें सांभाळलीं कीं, पुढें फारसें मागत नाहींत. रोजचें काम, म्हणजे वाळलेलीं पानें गोळा करून खड्ड्यांत कुजविणें, आळीं नीट करणें, पाणी घालणें, हें घरच्या माणसांनींच करावें. तें करण्यासाठीं माणूस ठेवणें हा आळस आहे. खड्डे खणणें, मोठ्या फांद्या उतरविणें, डाळिंबाची छाटणी हें जाणत्या हातांचें काम आहे, तें त्यांना द्यावें आणि मागतील तें द्यावें. तगरीच्या, जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या फांद्या शेजाऱ्यांकडून आणाव्या आणि आपल्या त्यांना द्याव्या. (येथें वाचक मला अडवील : ह्या देवघेवीनें उरुळी कांचनच्या रोपवाटिकावाल्यांचा धंदा बुडत नाहीं काय? थोडा बुडतो. पण फांदी देणाऱ्या शेजारणीला ती दिल्यानें आनंद होतो, आणि ज्या वस्तूची मूळ रीतच देण्याची आहे ती विकत न घेतल्यानें कोणाचा हक्क गेला असें मला म्हणवत नाहीं. युक्तिवाद पुरता पक्का नाहीं, हें कबूल.)

ज्यांच्याजवळ खरोखरच पैसा नाहीं त्यांना ह्यांतलें कांहींहि लागू नाहीं. अपुऱ्या निवृत्तिवेतनावर जगणारा शिक्षक किंवा मुलांना एकटीनें वाढविणारी परिचारिका आपल्या अंगणांत स्वतः भाजी लावून चार पैसे वांचवीत असेल, तर तिथें बचत आणि पोट ह्यांत अंतरच नाहीं. प्रश्न आमच्यासारख्यांचा आहे, ज्यांनीं वांचविलेला पैसा पुढें नव्या गाडीच्या हप्त्यांत जातो.

आणखी एक बचत आहे. ती इतकी मुकाट्यानें होते कीं, करणाऱ्यालाहि ती जाणवत नाहीं. एकाच अंगणांत नवरा-बायको कामाला येतात. तो टिकाव चालवितो, ती घमेलीं उचलते; तो सांवलींत विडी ओढतो तेव्हां ती तण काढते. संध्याकाळीं त्याला एक दर आणि तिला दुसरा, त्याहून कमी. कां, असें विचारलें तर ‘बायामाणसांचा भाव तोच आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालींच झाला होता, आणि ज्या घरांतली गृहिणी नोकरींत नवऱ्याइतकाच पगार घेते त्या घरांतहि अंगणांतला हा भाव बदललेला नाहीं.

यंदा आम्हांला कुंपणाच्या कडेनें चार खड्डे हवे होते, एक कडुनिंबासाठीं, दोन शेवग्यासाठीं, एक सीताफळासाठीं. मृगाच्या आधीं महिनाभर ते उन्हांत तापलेले बरे. दीड हातावर मुरूम लागला आणि माझ्या कुदळीचें तेथें कांहीं चाललें नाहीं, म्हणून एक जोडपें बोलाविलें. दोन दिवसांत खड्डे झाले. दोघांना सारखे पैसे दिले. बाईनें ते दोनदां मोजले आणि नवऱ्याकडे पाहिलें. ही बातमी संध्याकाळपर्यंत आळींत पसरली, आणि दुसऱ्या दिवशीं शेजारचे गृहस्थ भिंतीवरून मला म्हणाले, “सर, तुम्ही असा भाव काढलात, तर आम्हांलाहि तेवढाच द्यावा लागेल.” त्यांचें म्हणणें बरोबर आहे. त्यांच्या अंगणांतलें तण पहिल्या पावसानंतर निघावयाचें आहे, आणि त्या बाईला तिचा भाव आतां ठाऊक झाला आहे.